फामागुस्ताचा तट, आणि ते ‘भुताचं शहर’

सायप्रसमधल्या फामागुस्ताला जाऊन फक्त वरोशा हे ‘भुताचं शहर’ दाखवणाऱ्या रील्स आता पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. ओसाड हॉटेलं, गंजलेले गज, खिडकीतून बाहेर डोकावणारं झाड आणि मागे भयपटाचं संगीत. अहो, त्या घरांचे मालक आहेत की! काही जण तर तिथून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर राहतात. १९७४ च्या ऑगस्टमध्ये तुर्की फौज येतेय म्हटल्यावर ते नेसत्या वस्त्रांनिशी निघाले, चार दिवसांत परत येऊ म्हणून. यात भूत कुठून आलं?

सायप्रसच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे तटबंदीचं बंदर. ग्रीक लोक त्याला अमोखोस्तोस म्हणतात, तुर्क मागुसा. १९७४ मध्ये तुर्की फौज आल्यावर बेटाची फाळणी झाली. आज हे शहर बेटाच्या उत्तर, म्हणजे तुर्की भागात येतं, आणि तिथल्या सरकारला तुर्कस्तानशिवाय कोणी मानत नाही. आम्ही दक्षिणेतल्या, म्हणजे ग्रीक भागातल्या लार्नाकाहून गेलो, देरिनियाच्या नाक्यावर पासपोर्ट दाखवून पलीकडे. रील्समधलं वरोशा म्हणजे तटाच्या बाहेर दक्षिणेला समुद्रालगत पसरलेली वस्ती. ती समजून घ्यायची तर आधी तटाच्या आत जायला हवं, आणि नेमकं तेच लोक टाळतात.

तट मात्र जबरदस्त आहे. १४८९ मध्ये बेट व्हेनिसच्या ताब्यात आलं आणि त्यांनी जुन्या तटाला तोफांच्या जमान्याचं रूप दिलं. जमिनीकडच्या बाजूला खडकात खोदलेला खंदक, आणि काही ठिकाणी तर तटाच्या माथ्यावरून बैलगाडी आरामात जाईल एवढी रुंदी. वायव्येचा मार्टिनेंगो बुरूज बाणाच्या फाळासारखा टोकदार आहे. वसईचा किल्ला पाहिला असेल तर हा प्रकार ओळखीचा वाटेल: तोफेला समोरून सपाट भिंत मिळू द्यायची नाही. समुद्राकडच्या बालेकिल्ल्याला ऑथेल्लोचं नाव चिकटलंय आणि सगळी गर्दी तिकडेच. नाटकात या शहराचं नावसुद्धा नाही, पण पर्यटन खात्याला कोण सांगणार! दारावरचा पंखांचा सिंह तेवढा नीट बघा, ती व्हेनिसची निशाणी.

१५७० च्या सप्टेंबरात उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांच्या फौजेने वेढा घातला आणि तो जवळजवळ अकरा महिने चालला. गंमत बघा, त्याच हिवाळ्यात इकडे मुर्तझा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घातला होता. चौल टिकलं, फामागुस्ता पडलं. दारूगोळा आणि धान्य संपल्यावर १५७१ च्या ऑगस्टमध्ये व्हेनिसचा इथला सेनापती मार्कांतोनियो ब्रागादिन याने जीव वाचवण्याच्या कराराने शहर सोडलं. करार मोडला गेला आणि ब्रागादिनला जिवंत सोलण्यात आलं. त्याची कातडी पुढे व्हेनिसला नेली गेली, आजही तिथल्या चर्चमध्ये आहे. गाइड लोक हा किस्सा रंगवून रंगवून सांगतात. त्यानंतर जे झालं ते मात्र एका वाक्यात उरकतात, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं. शहर पडल्यावर ख्रिश्चनांना तटाच्या आत राहायची बंदी झाली. ते बाहेर सरकले, बागा-मळ्यांत वस्ती करून राहिले. त्यातूनच वरोशा वाढलं.

आता चारशे वर्षं पुढे या. १९६३ च्या डिसेंबरात बेटावरच्या दोन समाजांत, ग्रीक आणि तुर्की सायप्रियटांत, दंगली पेटल्यावर तुर्की सायप्रियट या तटाच्या आत कोंडले गेले. १९७४ च्या उन्हाळ्यात तर त्यांनी याच तटाच्या आडोशाने जीव वाचवला, बाहेर ग्रीक सायप्रियटांच्या फौजेचा वेढा. ऑगस्टमध्ये तुर्की फौज आली, आतले सुटले आणि त्याच दिवसांत बाहेरचं वरोशा रिकामं झालं. तीस-चाळीस हजारांची वस्ती गेली! एका बाजूची सुटका तीच दुसऱ्या बाजूची परागंदी. हे तीस सेकंदांच्या रीलमध्ये मावत नाही, मान्य आहे. मग बनवू नका ना!

तटाच्या आतल्या चौकात सेंट निकोलसचं कॅथेड्रल आहे. चौदाव्या शतकातलं, फ्रेंच गॉथिक धाटणीचं. व्हेनिसच्या आधी सायप्रसवर राज्य करणारे लुसिन्यान घराण्याचे राजे जेरुसलेमचा मुकुट इथे घालून घेत (जेरुसलेम केव्हाच हातचं गेलं होतं, पण मुकुट सोडवतो का कोणाला!). १५७१ नंतर त्याची मशीद झाली, आणि आज तिला लाला मुस्तफा पाशाचं नाव आहे, म्हणजे वेढा घालणाऱ्या सेनापतीचंच. चर्चची वेदी पूर्वेला, मक्का दक्षिणेकडे, त्यामुळे नमाजाच्या रांगा उंच खांबांच्या ओळीला आडव्या पडतात. दाराजवळ एक म्हातारं झाड आहे. लांबून वड वाटला. जवळ गेले तर फळांचे घोस थेट खोडाला लगडलेले, अगदी आपल्या उंबरासारखे. उंबराचंच भावंड आहे ते, आफ्रिकेकडचं. सायप्रसमधलं सर्वांत जुनं झाड म्हणून दाखवतात.

त्या झाडापासून जवळच कॉफी पाजणारे आजोबा मूळचे पाफोसचे, म्हणजे दक्षिणेतले. फाळणीनंतर त्यांचं घरही तिकडेच राहिलं. वरोशाचा विषय काढला तर त्यांनी नुसती मान हलवली आणि साखर किती ते विचारलं.

२०२० च्या ऑक्टोबरपासून वरोशाचे काही रस्ते लोकांना खुले केलेत. नवं कोरं डांबर, दोन्ही बाजूंना दोर बांधलेले, दारातच सायकली भाड्याने. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेचा १९८४ चा ठराव, क्रमांक ५५०, सांगतो की मूळ रहिवाशांशिवाय इतरांना तिथे वसवणं अमान्य आहे. तो कागदावर आहे, सायकली रस्त्यावर आहेत. एका दुकानावरची ग्रीक पाटी अजून वाचता येते आणि तिच्याखाली लोक सेल्फी घेत होते. मी तिथूनच मागे फिरले. तुम्ही पुढे जाल तर जा, पण कॅप्शन लिहिताना आत कोणाचं घर होतं एवढं तरी लिहा.

जाणाऱ्यांसाठी: आधी तट करा, तोही सकाळीच. वर सावली नावाला नाही. कठडे बऱ्याच ठिकाणी नाहीत, लहान मुलांचा हात सोडू नका. आणि भाड्याच्या गाडीचा दक्षिणेतला विमा उत्तरेत चालत नाही, तिकडचा वेगळा काढावा लागतो.