म्हणे, प्लग काढला की झालं!

‘मायक्रोवेव्ह चालतोय पण गरम करत नाही’ एवढं चारचौघांत बोलायची खोटी, कुणीतरी सांगणारच : अहो सोप्पं आहे, प्लग काढा, कव्हर उघडा, कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाच्या, दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवा, चार्ज उतरेल, ठिणगी उडेल, घाबरू नका.

का घाबरू नका? घाबरायलाच पाहिजे! त्या डब्यातला ट्रान्सफॉर्मर घरातली वीज साधारण 2000 व्होल्टपर्यंत चढवतो. पुढे कपॅसिटर आणि डायोड मिळून ती जवळपास दुप्पट करून मॅग्नेट्रॉनला, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या भागाला, देतात. नुसता झटका देऊन सोडणारी ही वीज नाही, हृदय बंद पाडण्याइतका करंट तिच्यामागे असतो. आणि प्लग काढला तरी कपॅसिटरमधला चार्ज तसाच राहू शकतो. यावर हुशार लोकांचं उत्तर तयार असतं, ‘आत रेझिस्टर असतो, तो काही मिनिटांत चार्ज उतरवतो.’ बहुतेक ठिकाणी असतो, मान्य. पण तोच जळालेला असला तर बाहेरून दिसतं का? मशीन बिघडलंय म्हणूनच उघडताय ना, मग त्यातला नेमका हा एक भाग ठणठणीत आहे हे कशावरून धरून चालायचं? वरून कुणी सांगतं, चालू करून मीटर लावा. घरातलं मल्टीमीटर 600 नाहीतर 1000 व्होल्टचं असतं, ते 4000 व्होल्टला लावायला सांगताना जीभ कशी रेटते?

सगळ्यात संताप येतो तो फ्यूजवाल्यांचा. फ्यूज सारखा उडतोय? तार गुंडाळा, नाहीतर जास्त अँपिअरचा टाका! अरे, तो उडतोय का, हे तरी बघा. दाराच्या खाचेत मागे छोटे स्विच असतात, बहुधा तीन. त्यातले दोन दार उघडताच वीज तोडतात. तिसरा पहारेकरी. तोडणारा स्विच चिकटून बसला तर हा मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो, म्हणजे दार उघडं असताना मॅग्नेट्रॉन चालूच राहू नये. फ्यूजच्या जागी तार घातलीत की ही सोय तुम्ही स्वतःच्या हाताने मोडलीत. पुढे दार उघडून आत हात घालणारं घरातलं पोर असेल.

आणि तो मोबाईल आत ठेवून रिंग वाजते का बघायचा प्रकार तर बंदच करा. फोन वाजला म्हणजे ओव्हनमधून लहरी बाहेर गळतायत असं मुळीच नाही, नाही वाजला म्हणजे सुरक्षित आहे असंही नाही. गळती खास मीटरने मोजतात. पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॅट ही बऱ्याच ठिकाणची मर्यादा आहे, ती रिंगटोनवरून कशी कळणार?

बरं, कव्हरला हात न लावता बघण्यासारखं कितीतरी आहे, ते मात्र कुणी सांगत नाही. सॉकेटला दुसरं काही लावून बघा. चाइल्ड लॉक लागलंय का बघा. मागची जाळी भिंतीला चिकटून तापून बंद पडतोय का बघा. 700 वॅटचा असेल तर उघड्या भांड्यातलं एक लिटर गार पाणी फुल पॉवरवर मिनिटभरात अंदाजे 10 अंशांनी तापायला हवं. ढवळून थर्मामीटर लावला की कळलं.

आमच्याकडे आत चटचट ठिणग्या उडत होत्या. आलेल्या माणसाने दार उघडून एक नजर टाकली आणि ‘मॅग्नेट्रॉन गेला, आता नवीनच घ्या’ म्हणून व्हिजिटचे पैसे घेऊन मोकळा! गेला होता तो आतल्या भिंतीवरचा, लहरी आत येतात त्या तोंडावरचा मायकाचा (अभ्रकाचा) पत्रा. पुठ्ठ्यासारखा दिसतो, त्यावर तेलाचे शिंतोडे बसून कोपरा काळा पडून भोक पडलं होतं. प्लग काढून, जुना पत्रा मापाला ठेवून नवा कात्रीने कापला, बसवला, ठिणग्या बंद. कव्हरचा एक स्क्रू काढावा लागला नाही. एवढ्यासाठी अख्खा ओव्हन भंगारात जाणार होता!

कंपन्यांनाही हे सांगायचं नसतं. मॅन्युअलमध्ये बिघाडाचा तक्ता उघडा, दोन-चार ओळींनंतर उत्तर एकच, सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा. मायकाचा पत्रा कसा तपासायचा याचं एक चित्र छापायला काय जातं यांचं? दार वाकलं किंवा नीट बसत नसलं तर ओव्हन चालूच करू नका, हे दारावरच ठळक का लिहीत नाहीत? कव्हरच्या आतलं काम ज्याला शिकवलंय त्यानेच करावं, पण त्याने आधी ते कव्हर उघडून तपासावं तरी, आणि गेलेला भाग हातात दाखवून मग नवीन घ्या म्हणावं.