साइटवर पाय ठेवलाय का म्हणे!

सिव्हिलच्या पोरांना सिमेंट आणि पर्यावरण हा विषय पहिल्या वर्षापासूनच शिकवा असं मी मागच्या लेखात लिहिलं, त्यावर एका वाचकाची ही प्रतिक्रिया: "पोरांना धड बीबीएस (सळ्या किती लागतील, कशा कापायच्या-वाकवायच्या याचा तक्ता) काढता येत नाही, त्यांना कार्बन कसला शिकवता? सिमेंट कुठलं घ्यायचं ते बिल्डर ठरवतो. पीपीसीने (राख मिसळलेल्या सिमेंटने) सेंट्रिंग (ओल्या काँक्रीटला धरणाऱ्या फळ्या-टेकू) अडकून पडतं. सर, तुम्ही कधी साइटवर पाय ठेवलाय का?"

अहो साहेब, टीका करा ना, पण ही काय बोलायची रीत झाली? तेही टोपणनावाने!

माझे वडील गवंडी. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली घमेली उचललीत, स्लॅबच्या रात्री जागलोय, क्युरिंगला गोणपाट भिजवलेत. डिप्लोमानंतर नाशिकरोडला सुपरवायझर होतो, तिथनं एकलहऱ्याचं थर्मल वीजकेंद्र जवळच, कोळशाच्या राखेचे डोंगर पडलेले, आणि आमचा कॉन्ट्रॅक्टर प्लास्टरलासुद्धा ५३ ग्रेडचं ओपीसी, म्हणजे बिनराखेचं सिमेंट मागवायचा, का तर म्हणे पीपीसीत राख मिसळतात. मग त्या भिंतींना केसाएवढ्या भेगा आल्या की शिव्या कुणाला? गवंड्याला! आणि मला विचारता पाय ठेवलाय का.

अहो, राख असते हाच तर फायदा आहे. आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे पीपीसीत १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश, म्हणजे हीच राख, घालता येते, तेवढं क्लिंकर (चुनखडी भट्टीत भाजून केलेला सिमेंटचा मूळ माल) कमी लागतं. आणि क्लिंकर बनवताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो त्यातला निम्म्याहून जास्त कोळशाचा नसतोच, तो चुनखडी भाजताना तिच्यातनंच निघतो, म्हणजे उद्या भट्टी सोलरवर चालवली तरी तो निघणारच. हे सिव्हिलच्या पोराने नाही शिकायचं तर काय कॉमर्सच्या पोराने शिकायचं?

सेंट्रिंगचं मात्र तुमचं बरोबर आहे, पीपीसीला सुरुवातीची ताकद हळू येते, काँक्रीटच्या मानकातले, आयएस ४५६ मधले, सेंट्रिंग काढायचे दिवससुद्धा ओपीसी धरूनच दिलेत, दुसऱ्या सिमेंटला ते बदलून घ्या असं खाली लिहिलंय. सेंट्रिंग जास्त दिवस ठेवावं लागतं, त्याचं भाडं चढतं, मान्य. मग तेवढे दिवस शेड्यूलमधे धरा की!

बाकी बीबीएस काय, पोरं साइटवर गेली की महिन्याभरात शिकतात. बिल्डरबद्दल परत कधीतरी.

आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा, लिहायच्या आधी तुमच्या साइटवरची पीपीसीची एक गोणी उलटसुलट करून बघा, राखेची टक्केवारी तिच्यावरच छापलेली असते.