आमदाराने दवाखान्याबद्दल विचारायचं नाही, हे कोणी ठरवलं?

‘आरोग्य, शिक्षण, उद्योग-व्यापार हे दिल्लीचे विषय, प्रादेशिक पक्षाचा आमदार विधानसभेत त्यावर प्रश्न विचारतो तो निव्वळ दिखावा’ असा मजकूर गटागटांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत आहे, नोंद ६. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, औषधं का संपली, याचं उत्तर राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनीच द्यायचं असतं. साधारण ३० हजार लोकसंख्येमागे, आदिवासी आणि डोंगराळ भागात २० हजारांमागे एक केंद्र, हा निकष आहे. आपल्या भागात तो पाळला जातो का, हे आमदाराने नाही विचारायचं तर कोणी?

शिक्षणाबाबत गोंधळ होणं समजू शकतं. तो विषय आधी राज्यसूचीत होता. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने समवर्ती सूचीत गेला. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांचा. जिल्हा परिषदेच्या शाळेतली रिक्त पदं मात्र राज्यानेच भरायची असतात.

राज्यांतर्गत व्यापारही राज्याकडे आहे. आंतरराज्य व्यापार आणि आयात-निर्यात केंद्राकडे, एवढा भाग त्या मजकुरात खरा. पण एमआयडीसीतल्या भूखंडांचा प्रश्न मुंबई-नागपूरच्या अधिवेशनातच विचारावा लागतो.

आणि पक्ष प्रादेशिक असो वा राष्ट्रीय, तारांकित प्रश्नाचा (ज्याचं उत्तर मंत्र्यांनी सभागृहात तोंडी द्यायचं असतं) हक्क प्रत्येक सदस्याला सारखाच आहे. अनुच्छेद १६४नुसार मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं. तो मजकूर तुम्ही पुढे पाठवला असेल, तर हा खुलासाही त्याच गटात टाका.