हुशार मॉडेल आणि गोवा वेल्हा : डिचोलीहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

एजंटसाठी, म्हणजे एआय भाषा-मॉडेलच्या जोरावर स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, टूलची (मॉडेल बोलावू शकतं त्या फंक्शनची) वर्णनं कशी लिहावीत या माझ्या लेखावर तुम्ही म्हणता की मी उगाच कीस काढते आहे. फंक्शनला नीट नाव दिलं की पुरे, मॉडेल दर काही महिन्यांनी हुशार होत चाललं आहे, आणि सहा-सहा ओळींची वर्णनं म्हणजे टोकनची, मॉडेल वाचतं त्या मजकुराच्या तुकड्यांची, नासाडी. टोकनचं पुढे बोलते. हुशारीचा मुद्दा मात्र मला अजिबात पटलेला नाही.

म्हापशात भाड्याच्या गाड्यांचा धंदा असलेल्या एका स्नेह्यांसाठी मी बुकिंगचा एजंट बांधला. त्यातल्या ठिकाण शोधणाऱ्या टूलचं वर्णन एका ओळीचं होतं : 'ठिकाणाचं नाव घेऊन कोड देते.' एका कुटुंबाने ओल्ड गोव्याहून मोपा विमानतळासाठी पहाटेची गाडी मागितली. चालक जाऊन उभा राहिला गोवा वेल्ह्यात. दोन्ही गावं तिसवाडीतलीच, पण एक पणजीच्या पूर्वेला, दुसरं मडगावच्या रस्त्यावर आगशीच्या अलीकडे. त्यांचं विमान थोडक्यात चुकायचं राहिलं.

मी लॉग काढून पाहिला. आमच्या यादीत ते गाव 'जुने गोवे' म्हणून होतं, त्यामुळे 'ओल्ड गोवा' शोधल्यावर काहीच आलं नाही. मग मॉडेलने स्वतःहून 'गोवा वेल्हा' शोधलं. पोर्तुगीजमध्ये वेल्हा म्हणजे जुनी, हे त्याला ठाऊक होतं! नाव तंतोतंत जुळलं, कोड मिळाला, बुकिंग झालं. कमी जाणणारं मॉडेल कदाचित तिथेच थांबलं असतं. ज्ञानात काही कमी नव्हतं. आमच्या यादीत काय आहे आणि शोध रिकामा आला तर काय करायचं, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ते सांगणं माझं काम होतं.

यादीत पर्यायी नावं घाला, असं तुम्ही म्हणाल. घातली. पण फोंड्याचं काय करणार? आपल्याला फोंडा म्हटलं की अंत्रुज महालातला फोंडा आठवतो, आणि कणकवलीकडून येणारा माणूस फोंडाघाटालाही फोंडाच म्हणतो. तिथे डेटा कितीही स्वच्छ केला तरी भागत नाही. म्हणून आता वर्णनात लिहिलं आहे की एका नावाची दोन गावं असू शकतात, नावाचं भाषांतर करून पुन्हा शोधू नये, शंका आली तर ग्राहकाला तालुका विचारावा.

'कोडमध्ये सगळं स्पष्ट आहे,' असंही तुम्ही लिहिलं आहे. ते तुम्हा-आम्हाला. मॉडेलपुढे येतं ते टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरची स्कीमा, म्हणजे टूलला कुठली माहिती कोणत्या रूपात द्यायची त्याचा आराखडा. फंक्शनच्या आत तुम्ही कितीही सुंदर लिहा, तिथवर त्याची नजर पोचत नाही. आमचं गाड्या दाखवणारं टूल चुकीच्या कोडलाही रिकामी यादी द्यायचं आणि गाडी शिल्लक नसली तरीही रिकामीच. एजंट दोन्ही वेळा ग्राहकाला 'गाडी नाही' असं सांगून मोकळा. यात मात्र तुमचं बरोबर आहे : ही दुरुस्ती वर्णनाची नाही, कोडचीच. आता चुकीच्या कोडला 'हा कोड यादीत नाही, आधी ठिकाण शोधा' असा सरळ संदेश जातो, आणि एजंट तो वाचून मागे फिरतो.

टोकनबद्दल. वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर जातात, कॅशिंगने (तोच मजकूर साठवून पुन्हा वापरल्याने) खर्च कमी होतो पण संदर्भातली, म्हणजे मॉडेल एका वेळी वाचू शकतं त्या मजकुरातली, जागा व्यापली जातेच. 'जितकं सविस्तर तितकं बरं' हे माझं वाक्य चुकीचं होतं, ते मी लेखातून काढते आहे. पॅरामीटरचं नाव 'तारीख' असताना 'ही तारीख आहे' असं लिहिणं वाया. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हे ठरवून देणारं अर्धं वाक्य मात्र हवंच.

आणखी एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एजंटला टूल जोडण्याची सामाईक पद्धत, खुला केल्यापासून आपलं टूल दुसऱ्याच कुणाच्या एजंटमध्ये, अनोळखी टूलच्या शेजारी जाऊन बसू शकतं. तिथे नुसतं 'सर्च' नावाचं टूल काय शोधतं हे कुणाला कळणार? म्हणून टूल काय करत नाही, तेही मी लिहायला लागले आहे.

उदाहरणार्थ, आमचं प्रवासाची वेळ सांगणारं टूल फेरीबोटीसाठी थांबण्याचा वेळ धरत नाही. दिवाडी बेटाला पूल नाही, त्यामुळे तिथल्या पाहुण्यांना ते कमी वेळ सांगत होतं. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर चारचाकीला किती थांबावं लागतं ते चालकांना विचारून वर्णनात घातलं आहे. डिचोलीकडच्या नार्वे गावाच्या धक्क्याचं आमच्यापैकी कुणालाच नीट माहीत नाही. तुम्ही डिचोलीचे, त्या फेरीने जात असाल तर सकाळचा आणि संध्याकाळचा अंदाज कळवाल का? तो मी तसाच वर्णनात घालीन.