आधी कडप्पा फोडून घ्या

तुमच्या स्वयंपाकघरातला ओटा कडप्प्याचा आहे ना? मग नवं ट्रॉल्यांचं स्वयंपाकघर करायला उशीर करू नका. चाळीस वर्षांत त्याला वाळवी लागली नाही, तो फुगला नाही, तापलेला कुकर आदळला तरी त्याने हूं की चूं केलं नाही. अशा वस्तूचं घरात काय काम? लिंबू सांडलं की तो जरा फिकटतो हे खरं, कारण कडप्पाही शेवटी चुनखडीच. पण खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की पुन्हा काळाभोर. म्हणजे बिघडून तुम्हाला खर्चात पाडायची त्याची लायकीच नाही. शिवाय खालच्या फळ्यांवर तांदळाची कोठी, पितळी पातेली, पुरणयंत्र, मोदकपात्र आणि कुणाकुणाच्या लग्नात आलेले स्टीलचे डबे एकमेकांना टेकून बसलेले. हे फोटोत फारच वाईट दिसतं. उद्याच मिस्त्रीला बोलवा आणि घण घालायला सांगा. आराखडा, मोजमाप, साहित्याची यादी हे सगळं नंतर. एकदा फुटलं की घरात वाद होत नाहीत.

मुहूर्त गणपतीच्या महिनाभर आधीचा धरा. तोडफोड आणि डेब्रिज खाली नेणं तीन-चार दिवस. नळकाम आणि विजेच्या नळ्या आठवडाभर. प्लास्टर, ओटा, टाइल्स आणि त्यांना पाणी मारणं दोन-अडीच आठवडे. मग ट्रॉलीवाल्याचा माणूस शेवटचं माप घेऊन जाणार, कारण टाइल्स लागल्याशिवाय भिंतीचं खरं माप कळत नाही. पुढे कारखान्यात चार ते सहा आठवडे आणि जोडणीला चार-पाच दिवस. ही बेरीज दोन-अडीच महिन्यांवर जाते, म्हणून ती करू नका. गौरी जेवायच्या दिवशी टीपॉयवर एक शेगडी आणि बाथरूममध्ये घासायची भांडी, याला कधी तरी सामोरं जायलाच हवं.

आता ओट्याची उंची. हा प्रश्न पुरुषमंडळींनी आणि मिस्त्रीने मिळून हॉलमध्ये बसून सोडवायचा. मिस्त्री म्हणेल, "साहेब, स्टँडर्ड चौतीस." तुम्ही मान डोलवा. स्वयंपाक करणारं माणूस पाच फुटांचं आहे की पावणेसहा, हे विचारणं हा मिस्त्रीच्या अनुभवाचा अपमान आहे. त्या माणसाला ताठ उभं करून, हात कोपरात काटकोनात वाकवून, कोपरापासून जमिनीपर्यंत टेप लावायची आणि आलेल्या आकड्यातून चार ते सहा इंच वजा करायचे, इतकी साधी रीत असल्यामुळेच ती कुणी वापरत नाही. पाच फुटी बाईला ती साधारण बत्तीस-तेहतीस इंच सांगते. पोळ्या लाटायला त्याहून इंच-दोन इंच खालीच बरं. तुम्ही चौतीस करा. त्यावर पाच-सहा इंचांची शेगडी, शेगडीवर कढई, आणि कढईत काय चाललंय ते बघायला चवड्यांवर उभं राहायचं. व्यायाम होतो.

यावर एक नामी उपाय आपोआप होतो. जुनी मोझॅक फरशी न काढता तिच्यावरच नवी टाइल सिमेंटच्या मसाल्यात बसवली, की जमीन दीड-दोन इंच वर येते आणि ओटा आपसूक साडेबत्तिसावर उतरतो. दोन चुका एकमेकींना सावरून घेतात. फक्त दार घासायला लागतं, उंबऱ्याशी पायरी तयार होते आणि फ्रिजसाठी वर सोडलेली जागा दोन इंचांनी कमी पडते. फ्रिजचं माप मात्र आधी घेऊ नकाच. चोवीस इंचांचा कोनाडा करून घ्या आणि मग सव्वीस इंच रुंदीचा फ्रिज आणा. घेतलंच माप, तर दार पूर्ण उघडायला बाजूला जागा लागते हे विसरा, म्हणजे आतला भाजीचा कप्पा कायमचा अर्धाच बाहेर येईल.

जुन्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक मोरी असते. ती जुनाट दिसते. तिच्यात डेब्रिज भरा, वर लादी ठोका आणि त्यावर सिंकखालचं कपाट बसवा. खाली नहाणी ट्रॅप, म्हणजे सांडपाणी जाऊ देऊन वास अडवणारं भांडं, आहे ना? त्यासकट. ट्रॅपच्या तोंडापर्यंत हात जाईल असं झाकण ठेवणं, कपाटाचा तळ सुटा ठेवणं, हे कमकुवत मनाच्या लोकांचे उद्योग. पहिल्या दिवाळीला अनारशांचं तूप आणि चकलीचं तेल त्या वाटेने गेलं आणि आत थिजलं, की पाणी वर येईल, कपाटात शिरेल आणि तळाची फळी बिस्किटासारखी फुगेल. प्लंबर विचारेल, "ट्रॅप कुठंय?" तेव्हा तुम्ही नव्या टाइलवर बोट ठेवायचं.

सिंक हलवायचा असेल तर अवश्य हलवा. वास्तुवाले पाणी ईशान्येला सांगतात, अग्नी आग्नेयेला. इमारतीचा डाउनटेक, म्हणजे सांडपाणी खाली नेणारा उभा पाइप, मात्र बिल्डरला सोयीचा होता तिथे उभा आहे आणि त्याला दिशा कळत नाहीत. आडव्या पाइपाला दर चाळीस फुटांत एक फूट ढाळ लागतो, म्हणजे सिंक आठ फूट सरकवला तर जवळजवळ अडीच इंच. हे अडीच इंच कुठून आणायचे हा विचार मिस्त्रीवर सोपवा. तो पाइप सपाट टाकेल, कोपऱ्यात पंचेचाळीस अंशांचे दोन बेंड टाकायच्या जागी एकच काटकोनी एल्बो मारेल आणि साफ करायचं तोंड भिंतीत गाडेल. भाताची शितं त्या वळणावर मुक्कामाला थांबतील.

पाण्याच्या पाइपांबाबत तर काहीच करू नका. भिंतीतले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप चाळीस वर्षांचे असतील, आतून गंजाने काडीभर भोक उरलं असेल, तरी वरून दोन बाय चार फुटांची इटालियन दिसणारी टाइल लावून टाका. न गंजणारे सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप टाकायचे आणि टाइल लावण्याआधी पंपाने दाब देऊन रात्रभर काटा उतरतो का बघायचं, याला एक रात्र लागते. एवढा वेळ कुणाकडे आहे? पुढे गळती लागली की ती टाइल दुकानात मिळत नाही, हे काम संपल्यावर कळेल. चार-सहा टाइल्स जादा घेऊन माळ्यावर ठेवण्याइतका माळा तरी कुठे ठेवलात तुम्ही? तोही पाडलात ना?

विजेचं काम स्वस्तात होतं. नव्या बोर्डावर सोळा अँपिअरचं सॉकेट दिसलं म्हणजे झालं. मागे जुनी दीड चौरस मिलिमीटरची वायर आहे की चारची, हे कोण उकरून बघतंय? इंडक्शन दोन हजार वॅटचं, म्हणजे नऊ अँपिअर. डिशवॉशर तेवढाच. मायक्रोवेव्ह सहा. तिन्ही एका मल्टिप्लगवर लावा. प्रत्येकाला वेगळी चारची वायर, वीसचा एमसीबी (भार वाढला की पडणारा खटका), चांगलं अर्थिंग आणि मीटरशी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा खटका) मागणारा इलेक्ट्रिशियन भेटलाच, तर त्याला कटवा. ओट्यावर पॉइंट किती हवेत हेही मोजू नका. मिक्सर, आरओ, टोस्टर, इंडक्शन आणि मोबाइलसाठी मिळून दोन सॉकेट पुरतात. त्यांतलं एक सिंकच्या नळाशेजारी.

गॅसचा विषय नाजूक आहे, म्हणून इथे उपरोध पाच ओळी बंद. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी जाळी हवीच. पाइपाने येणारा गॅस हलका, तो वर जातो; तिथे झरोका वरच्या बाजूला हवा. पाइप गॅसचा मीटर आणि नळी स्वतः हलवायची नसते, कंपनीकडे अर्ज करून तिच्याच माणसाकडून हलवून घ्यायची, आणि ती कपाटामागे चिणायची नाही. सिलिंडरची केशरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी बदलायची. तारीख नळीवरच छापलेली असते. बंद केलेला उपरोध पुन्हा चालू.

ट्रॉल्यांचा भाव रनिंग फुटावर, म्हणजे ओट्याच्या लांबीच्या फुटामागे घ्या. त्यात काय धरलंय हे विचारणं असंस्कृतपणाचं लक्षण. ग्रॅनाइट वेगळं, बिजागऱ्या वेगळ्या, हँडल वेगळे, वरची कपाटं वेगळी, जोडणी वेगळी आणि सगळ्यावर अठरा टक्के जीएसटी, हे त्याने शेवटच्या हप्त्याला सांगायचं असतं. ट्रॉल्यांभोवतीची खोकी कशाची हेही विचारू नका. "वॉटरप्रूफ आहे" एवढं उत्तर पुरे. मरीन प्लायवर आयएस ७१० छापलेलं असतं. आयएस ३०३ मध्ये ओल सोसणारा साधा प्लायही येतो आणि उकळतं पाणी सोसणारा बीडब्ल्यूआरही, म्हणून नुसता ३०३ आकडा दाखवून दोघांपैकी कुठलाही खपवता येतो. पार्टिकल बोर्ड असला तर प्रश्नच मिटला. त्याचा हातभर तुकडा मागून घेऊन रात्रभर बादलीत बुडवून ठेवायची खोड काही लोकांना असते. सकाळी तो तुकडा फुगून जाड झालेला बघून त्यांची झोप उडते. तुम्ही शांत झोपा. सिंकखालचं खोकं बदलायचा खर्च हप्त्याहप्त्याने येतोच.

जाळीच्या ट्रॉल्या ३०४ स्टीलच्या असतात असं सांगतील. तुम्ही खिशातून चुंबक काढून ऐटीत लावा. चिकटलं नाही म्हणून खूश व्हा. स्वस्तातल्या २०२ स्टीलला पण चिकटत नाही. फरक कळतो तो स्टील तपासायच्या रसायनाच्या थेंबाने, किंवा रत्नागिरी-मालवणच्या खाऱ्या हवेत दोन पावसाळे काढल्यावर.

दगडाचं बघा. काळं ग्रॅनाइट अठरा मिलिमीटरचं घेतलं की पुढची तीस वर्षं विषय संपतो, त्यामुळे ते टाळा. पांढरा संगमरवर घ्या. कोकम, चिंच आणि लिंबू त्यावर जे नकाशे काढतील ते पुसता येत नाहीत. क्वार्ट्‌झ घेतलात तर कुकर थेट त्यावर उतरवा. दगडाचा चुरा धरून ठेवणारं रेझिन उष्णतेने पिवळं पडतं आणि गोल शिक्का उमटतो. आणि हो, ओट्याच्या पुढच्या कडेखाली ग्राइंडरने बारीक खाच मारायला मुळीच सांगू नका. ती खाच असली की सांडलेलं पाणी तिथेच तुटून खाली पडतं. नसली की ते दगडाच्या पोटाखालून सरपटत शटरच्या वरच्या कडेत शिरतं, आणि वर्षभरात लॅमिनेटला मिशा फुटतात. पाच मिनिटांचं काम आहे. अख्ख्या स्वयंपाकघरात इतक्या कमी खर्चात इतकं नुकसान दुसऱ्या कशाने साधत नाही.

चिमणी घ्यायची ती ताशी बाराशे घनमीटरवाली. मग सहा इंची तोंडाला चार इंची नळी लावा, तिला तीन वळणं द्या, आणि अॅल्युमिनियमची घडीची नळी छतातून झोके घेत न्या म्हणजे तिच्या सुरकुत्यांत तेल साठेल. शेगडीपासून सव्वीस ते तीस इंचांवर ती बसवायची असते, पण डोकं आपटेल म्हणून चाळीसवर बसवा. जुना एक्झॉस्ट फॅन काढून भोक बुजवून टाका. स्वयंपाकघर आणि हॉलमधली भिंतही पाडायला सांगा. इमारत भिंतींवर उभी असली तर सोसायटीचा सेक्रेटरी स्ट्रक्चरल इंजिनीअरचं पत्र मागेल, त्याला जळकुटा म्हणा. आता बोंबील तळले की पडदे, सोफा आणि पाहुणे तिघांनाही सारखाच वास मिळेल.

ट्रॉल्यांच्या आतली वाटणी कॅटलॉगमधूनच घ्या. बाटल्यांसाठी सहा इंची उभी ट्रॉली, काटेचमच्यांसाठी सोळा खणांचा ट्रे. पोळपाट कुठे? कुठेच नाही. विळी? ती कॅटलॉग काढणाऱ्याने पाहिलेली नाही. मिसळणाचा डबा तळाच्या ट्रॉलीत, म्हणजे फोडणी तडतडत असताना खाली वाकायचं. तांदळाची कोठी बेडरूममध्ये. कोपऱ्यातल्या फिरत्या जाळीत पुरणयंत्र ठेवा. ते पुढल्या होळीला आतच सापडेल, अडकलेलं. हँडल नसलेली शटरं घ्या, बोटं घालायच्या पन्हळीत कणीक आणि तेल बसून छान पक्कं होतं.

एक बातमी मात्र दाबून ठेवा. काही खमके सुतार नव्या ग्रॅनाइटखाली कडप्प्याचेच उभे पार्टिशन ठेवतात आणि त्यांवर नुसती शटरं आणि ट्रॉल्या लावतात. खोक्यांचा खर्चच जातो, फुगायला काही उरत नाही. तुमचा कडप्पा तर तुम्ही पहिल्याच दिवशी फोडलात.

सगळा फोडला नसेल म्हणा. मिस्त्री हुशार असतात. दोन-तीन धड लाद्या त्यांनी जिन्याखाली उभ्या करून ठेवलेल्या असतात. डेब्रिजच्या गोण्यांबरोबर त्या जाऊ देऊ नका. ड्राय बाल्कनीत भिंतीला लावून चार फुटांची फळी टाकून घ्या, खाली दोन उभे पाय, नळाच्या बाजूला पाव इंच ढाळ, पुढच्या कडेला ती खाच. नारळ तिथे फुटेल, मासे तिथे साफ होतील, मिक्सर तिथेच मुक्काम करेल आणि तांदळाची कोठी बेडरूममधून खाली येऊन बसेल. उंची बत्तीस ठेवायची की एकतीस, ते कोपर मोजून ठरवा. या वेळी ज्याचं त्याचं.