मास्किंग लावलं म्हणून तुमचं डोमेन गूगलवर वर येत नाही

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्यापारी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. 'फुकटच्या बिल्डरवर साइट बनवा, स्वतःचं डोमेन घ्या, मास्किंग लावून फॉरवर्ड करा. वर तुमचंच नाव दिसतं, म्हणजे गूगलवरही तेच येतं. दोन साइट होतात, डबल फायदा. साधं रिडायरेक्ट केलंत तर नाव जातं.' यातला बिल्डर म्हणजे साइट बनवून देणारी ऑनलाइन सेवा आणि डोमेन म्हणजे साइटचा स्वतःचा पत्ता. मास्किंग म्हणजे तुमच्या पत्त्यावर बिल्डरवरची साइट दाखवणं, रिडायरेक्ट म्हणजे गिऱ्हाइकाला थेट तिकडे पाठवणं. दिवाळीच्या तोंडावर दुकानदार यावर पैसे घालतायत, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

'वर तुमचंच नाव दिसतं.' दिसतं, पण ते माणसाला. कुंदा विकणाऱ्या एखाद्या दुकानाचं असं डोमेन कॉम्प्युटरवर उघडा, राइट क्लिक करा आणि पेज सोर्स बघा. कुंद्याचा भाव नाही, दुकानाचा पत्ता नाही, ऑर्डरचा फोन नाही. मोजक्या ओळी, एक टायटल आणि एक फ्रेम, म्हणजे दुसरी साइट आत दाखवणारी चौकट, तिच्यात बिल्डरचा पत्ता. तुमच्या डोमेनवर गूगलच्या हाती एवढंच लागतं. मजकूर बहुतेक वेळा बिल्डरच्याच पत्त्यावर नोंदला जातो. कधीकधी गूगल फ्रेममधला मजकूर बाहेरच्या पानाचा धरतो, हे खरं. पण ते त्याच्या मर्जीवर, आणि त्या भरवशावर धंदा करता येत नाही.

आतल्या पानांचे हाल तर याहून वाईट. शहापुरातल्या दुकानाची एखादी इरकल साडी गिऱ्हाइकाला आवडली, तिनं वरचा पत्ता कॉपी करून बहिणीला पाठवला, तर बहिणीकडे उघडतं होमपेज. साडी गायब. आपल्या भागात हे जास्त नडतं. कोल्हापूरचं गिऱ्हाईक मराठीत शोधणार, धारवाडचं कन्नडमध्ये, बेंगळुरूचं इंग्रजीत. तिन्ही पानांना आपापला पत्ता आणि टायटल हवं. फ्रेममध्ये तिघांना मिळून एकच.

'डबल फायदा'? तोच मजकूर दोन पत्त्यांवर दिसला तर गूगल त्यातला एकच निवडतो, आणि तो बहुधा बिल्डरचा. लोकांनी तुमच्या डोमेनला दिलेल्या लिंक मात्र त्या रिकाम्या पानावर येऊन थांबतात. मास्किंगबद्दल गूगल दंड करतो, असंही काहीजण सांगतात. तेही चूक. दंड नाही, तिथे वर आणण्यासारखं काही नसतंच.

मेसेजमध्ये मोबाइलचा उल्लेखच नाही. आता गूगल साइटची मोबाइल आवृत्तीच धरून चालतो. बाहेरच्या पानात मोबाइलची सेटिंग नसेल तर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. काही साइट स्वतःला फ्रेममध्ये उघडूच देत नाहीत, तिथे नुसतं कोरं पान.

'रिडायरेक्ट केलंत तर नाव जातं.' ॲड्रेस बारमधलं नाव बदलतं, एवढं बरोबर. पण ३०१ रिडायरेक्टमध्ये, म्हणजे पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणाऱ्या रिडायरेक्टमध्ये, तुमच्या लिंकचं वजन खऱ्या पानापर्यंत पोचतं, फ्रेममध्ये त्याची खात्री नाही. आणि नावच टिकवायचं असेल तर फॉरवर्डिंगची गरजच नाही. बिल्डरच्या सेटिंगमध्ये स्वतःचं डोमेन जोडा आणि डीएनएस रेकॉर्ड, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं याची नोंद, भरा. बरेच बिल्डर यासाठी पैसे घेतात, ते द्या. मग जुन्या पत्त्यावरून नव्याकडे ३०१ लावा आणि गूगलच्या सर्च कन्सोल या साधनात नव्या डोमेनचा साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, टाका.