दहापैकी तीन

मी माझ्या फोनने, राजपथावर भर रहदारीत उभा राहून काढलेला अस्सल फोटो म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेकडून करून घेतलेले सुमार काम आहे, असा निवाडा आमच्या सोसायटीच्या सचिवांनी गेल्याच्या आधीच्या रविवारी दिला आणि मला दहापैकी तीन गुण दिले. मी बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. कोऱ्या उत्तरपत्रिकेवर नुसते सुवाच्य नाव लिहिणाऱ्या मुलालाही मी कधी चाराखाली उतरवले नाही, आणि आता या वयात माझ्याच नावापुढे तांबड्या पेन्सिलीचा तीन पडला.

पावसाळा लागल्यापासून आमच्या व्हॉट्सॲप गटावर ‘रविवारची गंमत’ नावाचा उपद्रव सुरू आहे. शनिवारी रात्री विषय जाहीर होतो, रविवारी संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येकाने त्या विषयावर फोटोत हवी ती करामत करून पाठवायची, आणि पहिल्या येणाऱ्याला पाव किलो कंदी पेढे मिळतात. पहिला विषय होता ‘आपल्या मनीला नोकरी लावा’. जिन्याखाली राहणारी मनी त्या एका दिवसात एसटीची कंडक्टर झाली, तहसीलदार झाली, भूलतज्ज्ञ झाली, आणि आमच्या इमारतीतल्या तीन पदवीधरांना दोन वर्षांत जे साधले नाही ते तिने झोपेतच साधून दाखवले.

मीही प्रयत्न केला नाही असे नाही. ‘माझ्या डोक्यावर कास पठार फुलव’ अशी शुद्ध मराठीतली आज्ञा मी गूगलच्या जेमिनी या यंत्राला दिली. अशी पुष्कळ यंत्रे म्हणे आधी ठिपक्यांचा नुसता धुरळा घेतात आणि तो टप्प्याटप्प्याने पुसत चित्र बाहेर काढतात. त्या धुरळ्यातून फुले निघाली, फुलांच्या खाली माझे तीस वर्षांपूर्वीचे दाट केसही निघाले, मात्र नाक निघाले ते दुसऱ्याच कोणाचे तरी. केस दिल्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे, परंतु जे नाक घेऊन मी साताऱ्यात एवढी वर्षे वावरलो ते न विचारता बदलण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हे मला अजून समजलेले नाही.

त्यामुळे ‘अशक्य सातारा’ हा विषय आला तेव्हा मी यंत्राच्या नादी लागलो नाही. आदल्याच दिवशी दुपारनंतर पावसाने उघडीप दिली होती आणि मी मोती चौकाच्या अलीकडे उभा असताना समोर एक स्कूटर येऊन थांबली. चालवणारा रेनकोटात होता. मागे बसलेल्या माणसाने कपाटाचा पुरुषभर उंचीचा आरसा माझ्याकडे तोंड करून असा धरला होता, की त्याचे डोके, धड आणि मांड्या पार झाकून गेल्या होत्या. खाली स्लिपरा घातलेली पावले, आरशाच्या कडांवर बोटे, आणि मधल्या सगळ्या जागेत माझ्या पाठीमागचा अजिंक्यतारा. किल्ल्यावरचा दूरदर्शनचा मनोरा बरोबर शेंडीच्या जागी आला होता. प्रत्यक्ष अजिंक्यतारा स्कूटरवर मागे बसून पोवई नाक्याकडे निघाला आहे असे ते दृश्य होते आणि ते टिपायला मला जेमतेम दोन सेकंद मिळाले. आयुष्यात असा फोटो एकदाच निघतो. तो मी पाठवला, खाली एक अक्षरही लिहिले नाही आणि पेढ्यांसाठी फडताळात जागा करून ठेवली.

निकाल कळल्यावर सोमवारी सकाळी मी सचिवांच्या घरी गेलो. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले असून, गावोगावचे बांध मोजताना जडलेली नजर त्यांनी पेन्शनबरोबर घरी आणली आहे. माझा फोटो त्यांनी मोठा छापून टेबलावर पसरला होता, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या हातात भिंग होते.

“बसा सर,” आप्पा म्हणाले, “काम वाईट नाही, पण घाई झाली आहे.”

“आप्पा, मी यात काहीच काम केलेले नाही.”

“मीही तेच म्हणतोय.”

मग त्यांनी भिंग आरशाच्या उजव्या कडेवर धरले आणि मला बोटे मोजायला सांगितली. मी मोजली. ती आठ भरली.

“माणसाच्या एका हाताला आठ बोटे असतात का, सर?”

“चार खरी आहेत आणि चार त्यांची प्रतिबिंबे. आरसा आहे तो.”

“तो आरसाच आहे हे कशावरून?”

या प्रश्नाला मी आजवर उत्तर शोधतो आहे. आरसा हा आरसा आहे हे सिद्ध करण्याची पाळी माणसावर एरवी येत नाही. मी म्हणालो, त्यात किल्ला दिसतो आहे. आप्पा म्हणाले, किल्ला डोंगरावर असतो. मी म्हणालो, ते प्रतिबिंब आहे, पलीकडच्या दुकानाची पाटीही त्यात उलटी दिसते आहे, ती पाहा. हे बोलून मी स्वतःच्या हाताने स्वतःचा बांध कोरून दिला, कारण आप्पा ज्या मुद्द्याची वाट पाहत होते तो हाच होता. यंत्राला देवनागरी धड लिहिता येत नाही, वेलांट्या कुठेही टांगते, जोडाक्षरांची हाडे मोडते, हे त्यांच्या नातवाने त्यांना समजावून दिले होते, आणि परवापरवापर्यंत ते पुष्कळदा खरेही होते. “ही पाटी तुम्ही तरी वाचू शकता का? मराठीचे शिक्षक तुम्ही,” असे ते इतक्या कळवळून म्हणाले, की क्षणभर मलाच अपराधी वाटले.

तिसरा मुद्दा घड्याळाचा होता. स्कूटरच्या मागे घड्याळांच्या दुकानाचा फलक आहे आणि त्यावर रंगवलेल्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाली आहेत. जाहिरातींमध्ये घड्याळे बहुधा त्याच वेळेला लावलेली असतात, त्या जाहिराती पाहून शिकलेले यंत्र घड्याळ काढायला सांगितले की पुष्कळदा दहा-दहाच वाजवते, आणि ही कीर्तीही आप्पांपर्यंत पोहोचलेली होती. “सावल्या पाहा सर, पूर्वेला लांबल्या आहेत. म्हणजे दिवस कलला आहे. मी छत्तीस वर्षे उघड्या रानात उभा राहून सावल्या पाहिल्या आहेत, मला दहा-दहा सांगू नका.” मी सांगितले, की घड्याळ रंगवलेले आहे, आणि ज्याने ते रंगवले त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेचे नावही ऐकले नसेल. आप्पांनी ‘घड्याळ रंगवलेले आहे’ एवढेच वाक्य उचलले आणि माझी कबुली म्हणून समासात नोंदवले.

“आणि लख्ख ऊन असताना स्कूटरवाला रेनकोट घालून का बसला आहे?”

“आप्पा, जुलै महिना आहे. साताऱ्यात ऊन पडले म्हणून रेनकोट कोण काढतो?”

हा एकच मुद्दा त्यांनी मान्य केला. शेवटी मी आवाज चढवून म्हणालो, की फोटो शंभर टक्के खरा आहे, त्यात एका ठिपक्याचाही बदल नाही. आप्पा गप्प झाले. त्यांनी तांबडी पेन्सिल उचलली, तीनाच्या आकड्यावर धरली आणि अतिशय सौम्यपणे म्हणाले, “नियम दुसरा. फोटोत करामत केलेली असली पाहिजे. खरा असेल तर शून्य द्यावे लागेल.”

“म्हणजे खोटा असेल तर तीन आणि खरा असेल तर शून्य?”

“तुम्ही सांगाल तसे.”

मला सांगायला लाज वाटते, परंतु मी म्हणालो, “तीन राहू द्या.”

हे केवळ माझ्याच नशिबी आले असेही नाही. 2024 साली माइल्स ॲस्ट्रे नावाच्या छायाचित्रकाराने ‘1839 ॲवॉर्ड्स’ या स्पर्धेत, कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेल्या चित्रांच्या विभागात, एका फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो मुद्दाम पाठवला. पोट खाजवण्यासाठी त्या पक्ष्याने मान अशी वळवली होती, की त्याला डोकेच नाही असे वाटावे. परीक्षकांनी त्याला तिसरा क्रमांक दिला, लोकांच्या मतदानात तो पहिला आला, आणि फोटो खरा असल्याचे त्याने सांगितल्यावर तो बाद झाला. त्याला निदान बाद होण्याआधी बक्षीस तरी मिळाले होते. बिनडोक पक्ष्याला जगाने डोक्यावर घेतले, माझ्या बिनडोक स्कूटरस्वाराला मात्र बोटांवरून पाडले.

फोटोत करामती पूर्वीही होत असत, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी 1982च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड एकमेकांजवळ सरकवले होते, कारण आडवा फोटो उभ्या पानात बसत नव्हता. 1990 साली फोटोशॉप बाजारात आले. ते कसे चालते हे दाखवताना, ते घडवणाऱ्या दोघा भावांपैकी एक जॉन नॉल आपल्या भावी पत्नीचा बोरा बोराच्या किनाऱ्यावरचा पाठमोरा फोटो वापरत आणि तिची दुसरी प्रत काढून दाखवत. हे मी घरी सांगितले तेव्हा ही म्हणाली, “दुसरी असती तर एकीने निदान बसून चहा घेतला असता.” माझ्या आईवडिलांच्या लग्नाच्या कृष्णधवल फोटोला तर स्टुडिओवाल्याने हाताने रंग भरले होते आणि आईचा डाळिंबी शालू हिरवा करून ठेवला होता. शालू ट्रंकेत जपून ठेवलेला असतानाही पाहुणे फोटोकडे बघून हिरव्या रंगाचे कौतुक करत, आणि पुढे पुढे आईनेच त्यांना दुरुस्त करणे सोडून दिले.

पेढे मिळाले ते ‘पोवई नाक्यावर समुद्र’ या चित्राला. त्यात माड होते, होड्या होत्या, भुयारी मार्गातून एक गलबत बाहेर पडत होते आणि गलबतावर सहा बोटांचा एक खलाशी हात हलवत होता. ती बोटे कोणी मोजली नाहीत. त्या चित्राला पडलेल्या मतांत एक मत आमच्याच घरातले होते. मी जाब विचारल्यावर “अहो, तुमचा खरा वाटत नव्हता,” असे मला सांगण्यात आले.

इथवर सगळे हसण्यावारी नेता आले असते. परंतु मंगळवारी रात्री पावसाने झोडपले आणि आमच्या झोपायच्या खोलीतली भिंत वरपासून खालपर्यंत ओली झाली. गच्चीवरच्या नळीचा सांधा सुटला आहे, हे मी गेल्या वर्षापासून लिहून देतो आहे. मी भिंतीचा फोटो काढून गटावर पाठवला आणि खाली ‘तातडीचे’ असे लिहिले. पाच मिनिटांत आप्पांचे उत्तर आले, “सर, छान जमले आहे. या वेळी बोटे टाळलीत हे बरे केलेत.”

बुधवारी त्यांना हाताला धरून वर आणावे लागले. त्यांनी भिंतीला तळवा लावला, ओला तळवा धोतराला पुसला, चार पावले मागे सरून ओलीचा आकार निरखला आणि “नमुना मात्र सुरेख उठला आहे,” असे म्हणून खिशातून फोन काढला. मला वाटले, प्लंबरला बोलावत आहेत. शनिवारी रात्री विषय जाहीर झाला: ‘सरांच्या भिंतीत तुम्हाला काय दिसते?’

माझ्या भिंतीत कोणाला ठोसेघरचा धबधबा दिसला, कोणाला नंदीबैल दिसला, एकाला तर साक्षात आप्पाच भिंगासह दिसले. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीने भिंतीवरची ओल बोटाच्या एका फटकाऱ्याने पुसून टाकली, भिंतीला फिकट निळा रंग दिला आणि तिच्यावर एक कॅलेंडर टांगले. तिचा पहिला क्रमांक आला, आणि तो योग्यच आहे, कारण इतकी कोरडी भिंत मी त्या खोलीत कधीच पाहिलेली नाही.

आज सकाळी आप्पांनी मला तक्रारवहीवर सही करायला बोलावले. माझ्या तक्रारीसमोर त्या मुलीचे चित्र डकवलेले होते, त्याखाली ‘दुरुस्तीनंतर’ असे लिहिलेले होते आणि ‘तक्रारदाराचे समाधान झाले’ या ओळीपुढे माझ्या सहीसाठी जागा सोडलेली होती. मी टेबलावरचे भिंग उचलून चित्रातल्या कॅलेंडरवर धरले. त्यातल्या जुलै महिन्याला चौतीस तारखा होत्या. मी त्या आप्पांना एकेक करून मोजून दाखवल्या.

“सर,” आप्पा पेन पुढे करत म्हणाले, “तुम्हाला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवयच लागली आहे.”

सही राहिली, कारण तेवढ्यात वरून हिची हाक आली की बादली भरली आहे.